काठावरचे करकोचे

"ह्या काय हाडलंस?" श्यामलाबाईंनी दारातूनच विचारलं.

सायोको पलंगाशी गुडघ्यांवर बसली होती. जाड पांढऱ्या कागदाच्या नाड्या तिने एकेक करून सोडवल्या, कागद चारी बाजूंनी उघडला आणि आतलं किमोनोचं रेशीम दोन्ही तळहातांवर उचलून पलंगावर पसरलं. काळं. निखळ काळं. पाठीवर, बाह्यांवर, छातीवर नाण्याएवढी पांढरी कुलचिन्हं, बाकी वर काहीच नाही.

"संध्याकाळी नेसतलंय," ती म्हणाली.

"साखरपुड्याक?"

"होय."

श्यामलाबाईंनी हातातली मोगऱ्याची परडी टेबलावर ठेवली आणि दार लावून घेतलं. बाहेर थोरल्या मुलाच्या, धनंजयच्या, दिवाणखान्यात केटररची माणसं टेबलं ओढत होती. मस्कतजवळच्या अमेरातचा हा व्हिला धनंजयने घेतला तेव्हाच म्हणाला होता, प्रशांतच्या पोरीचं सगळं इथून करायचं. घुब्र्यातल्या सायोकोच्या फ्लॅटमध्ये चार पाहुणे आले तर पाचव्याने उभं राहावं लागे. म्हणून मायलेकी कालच इकडे आल्या होत्या.

सायोकोचं मराठी सासूकडून आलेलं. लग्न होऊन ती परुळेकरांच्या घरात आली तेव्हा तिचा नवरा प्रशांत सूरच्या गॅस प्रकल्पावर आठवडा आठवडा असायचा आणि घरात बोलायला फक्त श्यामलाबाई. जपानमधल्या कानाझावाची ही बाई त्यामुळे अशी मालवणी बोलायची की मस्कतमधले पुणेकर दचकून पाहत. नाव मात्र ताम्हणातल्या तांदळांवर लिहून बदललेलं. सायोकोची सायली झाली. प्रशांत तेवढा शेवटपर्यंत सायोको म्हणत राहिला.

"काळा नेसान पोरीच्या साखरपुड्याक बसतलंस?" श्यामलाबाई पलंगाजवळ आल्या, पण कापडाला हात लावला नाही. "ह्याच नेसलेलंस तू त्या दिवशी. प्रशांतक न्हेताना."

"तां न्हय, आई. तेच्यार कायएक नाय होतां." सायोकोने खालचा काठ उलगडला. "ह्येच्यार बघा."

गुडघ्याखाली येईल तिथून चित्र सुरू होत होतं. बर्फातही हिरव्या राहणाऱ्या पाइनची फांदी, बांबूचं बेट, थंडी सरायच्या आधीच उमललेली प्लमची लाल-पांढरी फुलं. त्यांच्यावरून दोन पक्षी उडत होते. पुढच्याने मान वळवून मागच्याकडे पाहिलं होतं.

"बगळे मां हे?"

"बगळे न्हय. प्रशांत करकोचे म्हणायचो. आमच्यात म्हणतत, हजार वर्षां जगतत. आणि जोडी मोडणत नाय."

श्यामलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सायोकोने नजर खाली घातली नाही.

"आमच्यात मरणाचा काळा आणि लग्नाचा काळा एकच," ती सावकाश म्हणाली. "मरणाच्या काळ्यार चित्र नाय. लग्नाच्या काळ्यार चित्र. तेवढोच फरक. ह्या मुलीची आईस नेसता. माझ्या आईन माझ्यासाठी करून ठेवलां होतां, उत्तरा झाली तेव्हाच."

"आणि वरती कोरां कित्याक?"

"आईन मिरवायचां नाय म्हणून. तरण्या पोरीच्या किमोनोर खांद्यापासून फुलां असतत. वय वाढता तसां चित्र खाली खाली जाता."

श्यामलाबाई चष्मा सारखा करून वाकल्या. अगदी खाली, शिवणीजवळ, पिओनी नावाच्या फुलझाडाचं एक पान होतं. हिरव्या पानाच्या कडेला तपकिरी भोक.

"ह्या पान किडलेलां आसा."

"कानाझावात असांच काढतत. खऱ्या झाडाची पानां किडतत मां?"

"शुभकार्याक किडक्या पानाचां लुगडां," श्यामलाबाई सरळ होत म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "प्रशांतच्या लग्नात मी खंय होतंय, तुका आठवता? देवळाच्या खांबाआड. तुझ्या सासऱ्याक जावन दोन वर्षां झाली होती. माझ्या पोटच्या पोराक हळद कोणी लावली? चुलत जावेन. माका कोणी इचारलां? मी कोणाक बोललंय?"

"माका ठावक नाय होतां तेव्हा," सायोको म्हणाली. "मी तुमका शोधत होतंय. सगळ्या फोटोत मी बाजूक बघतंय. तुमका शोधतंय."

आपल्या लग्नाच्या फोटोंत ही पोर सारखी बाजूला का बघते, याची घरात वर्षानुवर्षं थट्टा झाली होती. श्यामलाबाईंनी स्वतःही केली होती. त्यांना वाटलं, खाली बसावं, त्या पक्ष्यांवरून हात फिरवावा. पण इतकी वर्षं ज्याला नशीब म्हटलं ते नशीब नव्हतंच, नुसतं लोकांचं म्हणणं होतं, असं आता या वयात कबूल करायचं म्हणजे मग त्या सगळ्या वर्षांचं काय करायचं?

त्यांनी दार उघडलं आणि थोरल्या सुनेला हाक मारली. "विशाखा! जरा हय ये."

विशाखा आली ती हाताला लागलेलं केशर पदराला पुसत. सकाळपासून ती पायावर उभी होती. मवालेहच्या मंडईतून फळं आणण्यापासून गुरुजींच्या चहापर्यंत सगळं तिनेच पाहिलं होतं.

"अगंबाई!" ती पलंगापाशी थबकली. "सायली, काय सुरेख आहे गं हे! हात लावू?"

"लावा ना, वहिनी."

विशाखाने करकोच्याच्या पंखावरून बोट फिरवलं. एकेक पीस वेगळं काढलं होतं. तिला खरंच आवडलं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि पुढे जे झालं त्यानंतरही ती स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"काळां आसा तां," श्यामलाबाई म्हणाल्या. "सांग तिका."

"आई, संक्रांतीला आपण काळं नेसतोच की. हलव्याचे दागिने घालून मिरवतो. तेव्हा नाही का शुभ असतं?" विशाखा हसली. "नेसू दे तिला. लोक बघत राहतील."

सायोकोने मान झुकवली. "थँक यू, वहिनी."

"थँक यू काय त्यात!"

विशाखाच्या डोळ्यांपुढे सगळं स्पष्ट होतं. पहिल्या रांगेत एका बाजूच्या खुर्चीवर सायोको बसेल, एखाद्या सुंदर चित्रासारखी, पाहुणे कौतुकाने विचारतील आणि मग समोर पाहतील. समोर पाटावर ती आणि धनंजय. तिचा हिरवा शालू इस्त्री होऊन कपाटाला टांगलेला होता. प्रशांत गेला त्याच वर्षी धनंजय म्हणाला होता, पोरीच्या कार्यात आपण दोघं बसू. त्यावर पुन्हा कुणी बोललं नव्हतं. न बोलता ठरलेल्या गोष्टीच पक्क्या असतात, असं विशाखाला वाटायचं.

तेवढ्यात उत्तरा आत आली. केसांना टॉवेल गुंडाळलेला, एका हातावर मेंदी, दुसऱ्या हातात फोन.

"ममा, अजून बाहेरच काढतेयस? कमरेला ओबी मी बांधणार हां. आय हॅव प्रॅक्टिस्ड." तिने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकली. "पण पाटावर बसताना प्रॉब्लेम होईल का? टाइट असतं ना खाली?"

"पाटावर?" विशाखाने विचारलं.

"हो मग? वाङ्... वाङ् काय ते, काकू? जेव्हा पेरेंट्स बसतात. ममा बसणार. मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, आई एकटी बसली तरी चालतं."

"गुरुजींना कधी विचारलंस?"

"लास्ट वीक."

विशाखा उत्तराच्या टॉवेलमधून सुटलेल्या बटेकडे पाहत होती. त्या केसांच्या दोन वेण्या तिने घातल्या होत्या, इंडियन स्कूलची बस यायच्या आधी, रोज, सायोको नोकरीवर असायची त्या सगळ्या वर्षांत. कांजिण्या आल्या तेव्हा तिच्या उशाशी ती बसली होती. पहिल्यांदा पोटात दुखून रडली तेव्हा शाळेने फोन तिलाच केला होता. देवाने स्वतःचं एकही दिलं नाही, हे तिने याच पोरीच्या जोरावर सोसलं होतं. आणि पोरीने गुरुजींना विचारलं, तिला नाही.

"देविकाताईंचा फोन आला होता सकाळी," विशाखा म्हणाली.

ते वाक्य कुठून आलं हे तिला कळलं नाही. पण आलं, आणि त्याच्यामागून दुसरी आपोआप येत गेली.

"यशची आई? मला तर काही बोलल्या नाहीत," उत्तरा म्हणाली.

"तुला कशा बोलतील? सून होणारेस तू त्यांची. यशने त्यांना सांगितलं असणार काळ्याचं. त्या वाईट नाही हं बोलल्या. म्हणाल्या, आमच्याकडची मोठी माणसं आहेत, त्यांना काळं बघून कसंतरी होईल. आणि पाटावर... जोडीने बसणारं कुणी असेल तर बरं वाटेल म्हणाल्या."

"पण यश म्हणाला होता..."

"यश मुलगा आहे, उत्तरा. मुलांना घरातलं काय कळतं?"

दारात धनंजय उभा होता. गाड्या कुठे लावायच्या ते विचारायला आला होता. विशाखाने वळून त्याच्याकडे पाहिलं. "हो ना हो? तुमच्यासमोरच बोलले ना मी?"

धनंजयला माहीत होतं की असा फोन आलेला नाही. विशाखाचा फोन सकाळपासून त्याच्या शेजारी चार्जिंगला लावलेला होता आणि एकदाही वाजला नव्हता. यशच्या वडिलांशी, गजेंद्र कर्णिकांशी, तो स्वतः बोलला होता, ते फक्त रस्ता विचारत होते. त्याने बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्याने हे याआधी एकदाच पाहिलं होतं, मूल होणार नाही हे डॉक्टरने शेवटचं सांगितलं त्या दिवशी, गाडीत बसल्यावर. तेव्हा त्याच्याकडे तिला द्यायला काही नव्हतं.

"हं," तो म्हणाला. "असंच काहीतरी म्हणत होत्या." मग घाईघाईने, "आता वाद नको कुणी. दिवस नीट पार पडू दे, खलास. सायली, तू समजूतदार आहेस."

सायोकोने त्याच्याकडे पाहून हलकेच मान झुकवली. ती होकाराची होती की कसली, हे त्याने विचारलं नाही. बाहेर जाताना त्याला भावाची आठवण आली आणि त्याने ती बाजूला सारली.

सगळे गेल्यावर मायलेकी खोलीत उरल्या. सायोको पुन्हा पलंगाशी बसली आणि काठ सारखा करू लागली. तिला ठाऊक होतं आता काय होणार. तरी ती वाट पाहत होती, की तसं होऊ नये.

"ममा."

"हं."

"आय डोन्ट नो. व्हॉट डू वी डू?"

"तू सांग. तुझं आहे."

"असं नको ना बोलू." उत्तरा पलंगाच्या कडेवर बसली, मेंदीचा हात वर धरून. "मला राग आलाय. यशला फोन करून भांडावंसं वाटतंय. पण आज भांडले तर... मला त्यांच्याबरोबर राहायचंय ना. पहिल्याच दिवशी त्याच्या आईला मी खोटं पाडलं तर ती मला कायम..."

"तू तिला विचार. नीट विचार. भांडू नको."

"काय विचारू? माझी आई विडो आहे, ती बसली तर तुम्हाला चालेल का, असं? ममा, दॅट्स सो... मला नाही विचारता येणार."

उत्तराने विचारायला हवं होतं, असं सायोकोला वाटत होतं. नकार आला असता तरी चाललं असतं. मुलीने एकदा तोंड उघडून म्हणायला हवं होतं, ही माझी आई, ही बसणार.

"प्लीज," उत्तरा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "फक्त आज. आज साडी नेस. लग्नात नेस ना हे. पुण्याला."

"पुण्याला काय वेगळं होणार?"

उत्तरा मेंदीच्या हातावर फुंकर घालू लागली.

"लग्नातपण मोठी माणसं असतील," सायोको म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "त्यानंतर तुझं बाळ होईल. बारसं. तेव्हापण असतील."

"यू आर मेकिंग इट सो बिग."

"नाही. मी मोठं नाही करत." सायोकोने बाह्या आत दुमडल्या. एक घडी, मग दुसरी. करकोचे आत गेले, पाइन आत गेला. "मी नेसते साडी. वहिनींकडे मोतिया रंगाची आहे. तू केस वाळव. सर्दी होईल."

उत्तराने तिला मिठी मारली, मेंदी लागू नये म्हणून एकाच हाताने. "यू आर द बेस्ट. आय मीन इट."

सायोकोने तिच्या पाठीवर थोपटलं. मुलगी हलकी झाली होती. किती लवकर हलकी झाली, हेच तिला सहन होत नव्हतं. जाऊ खोटं बोलतेय हे तिला पहिल्या वाक्याला कळलं होतं. पंचवीस वर्षं परक्या भाषेत राहणारा माणूस शब्दांपेक्षा चेहरे जास्त वाचतो. जावेचं तिला समजत होतं. दिराचंही. पण तिने वाट पाहिली होती ती फक्त एकाच माणसाची.

कर्णिक मंडळी आली तेव्हा उन्हं डोंगराआड गेली होती आणि उघड्याबोडक्या कड्यांचा रंग तपकिरीचा जांभळा झाला होता. अंगणात दिव्यांच्या माळा लागल्या. यशने मोतिया रंगाचा कुर्ता घातला होता आणि तो सारखा घाम पुसत होता. त्याचे वडील गजेंद्र धनंजयच्या गळ्यात पडले. देविका मागून आल्या, भडक केशरी पैठणी नेसून, हातात साखरेचा पुडा असलेलं ताट.

"विशाखाताई, काय मस्त सजवलंय हो!" देविका म्हणाल्या आणि इकडेतिकडे पाहू लागल्या. "आणि सायोकोताई कुठायत? तयार होतायत का अजून?"

"आहे ना, आत आहे," विशाखा म्हणाली. "या, बसा. सरबत घ्या आधी."

"नाही, मला आधी तो किमोनो बघायचाय. यशने फोटो दाखवला तेव्हापासून डोक्यात तेच. मी म्हटलं, त्या काळ्याशेजारी मी फिकी दिसायला नको, म्हणून मुद्दाम ही केशरी काढली. नाहीतर निळी नेसणार होते." देविका मोकळेपणी हसल्या. "त्या पक्ष्यांचं काय ते, जोडी जन्मभर टिकते ना? आम्ही दोघी पाटावर समोरासमोर बसल्यावर एक फोटो नक्की काढायचा."

उत्तरा जिन्यावरून उतरत होती. शेवटच्या पायरीवर ती थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "पण तुम्हीच नको म्हणालात ना?"

"काय नको म्हणाले?"

"काळं. आणि... ममाने बसायला."

"मी? कुणाला?"

"सकाळी. फोनवर. काकूला."

देविकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याला अर्थ उरला नाही. त्यांनी यशकडे पाहिलं, मग विशाखाकडे. "मी तर आज फोनच केला नाही कुणाला. पार्लरमध्ये होते दुपारपर्यंत."

सरबताचे पेले घेऊन फिरणारा माणूस जागच्या जागी थांबला. धनंजयने घसा साफ केला. "काहीतरी गैरसमज झाला असणार. यल्ला, बसून घेऊ या, गुरुजी खोळंबलेत..."

"काका, तूपण हो म्हणालास," उत्तरा म्हणाली.

तो पाटाकडे पाहत राहिला. विशाखाने हिरव्या शालूचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "मला वाटलं," ती म्हणाली, "मला वाटलं, त्यांना तसं वाटेल." आणि मग फक्त उत्तराला ऐकू जाईल इतक्या हळू, "मी एकदासुद्धा बसू नये का गं?"

उत्तरा स्वयंपाकघराकडे धावली.

सायोको दारात उभी होती, मोतिया साडीत. उसना ब्लाउज खांद्यावर ढिला पडला होता. तिच्या शेजारी श्यामलाबाई. दोघींनी सगळं ऐकलं होतं.

"ममा, चल. आपण आत जाऊन चेंज करू. मी बांधते ओबी. सगळे थांबतील."

मागून देविकाही आल्या होत्या. "हो हो, थांबू की. अर्धा तास काय नि तास काय. सायोकोताई, माझ्या मनातसुद्धा नव्हतं हो असलं काही. तुम्हीच बसायचं."

"मला माहीत आहे," सायोको म्हणाली. "तुम्ही आलात, बरं वाटलं. पण मुहूर्त चुकेल."

"चुकू दे मुहूर्त!" उत्तरा म्हणाली.

"सकाळी नाही म्हणालीस असं," सायोको म्हणाली. ती हे रागाने बोलली असती तर उत्तराला सोपं गेलं असतं.

मग श्यामलाबाई बोलल्या. इतका वेळ त्या दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या.

"जा गो," त्या म्हणाल्या. "मी सांगतंय. काळा तर काळा. नेस आणि जा बस."

सायोको वळली. सासूच्या तोंडून हे येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. सकाळी आलं असतं तर तिने त्यांचे पाय धरले असते.

"तुमी येतल्यात?" तिने विचारलं. "माझ्याबरोबर. पुढे. दोघींनी बसूया पाटार. मग मी नेसतंय."

श्यामलाबाईंनी समोर पाहिलं. दिव्यांच्या माळांखाली पाट मांडले होते, भोवती रांगोळी, आणि पन्नासएक माणसं उगाच दुसरीकडे बघत बसली होती. चारच पावलांचं अंतर असेल. त्यांनी चौकटीवरचा हात काढलासुद्धा. मग तो पुन्हा तिथेच गेला.

"माझां काय आता," त्या पुटपुटल्या. "माझां जावंदे. तू जा."

"मग मी पण हयच," सायोको म्हणाली.

"ममा, प्लीज. आय ॲम सॉरी. आय ॲम सो सॉरी."

"उत्तरा, पाहुणे उभे आहेत. जा."

उत्तरा गेली. जाताना तिने दोनदा मागे पाहिलं. कुणीतरी गुरुजींना खूण केली. पाटावर बसायला कुणीच पुढे होईना, तेव्हा देविकाच विशाखाचा हात धरून म्हणाल्या, "चला, आता कुणीतरी बसायला हवं ना." विशाखा बसली. ज्यासाठी तिने हे सगळं केलं होतं त्या पाटावर ती धनंजयच्या उजव्या हाताला बसली आणि गुरुजी सांगतील तसं पळीभर पाणी सोडत राहिली. पुडा दिला-घेतला गेला. तिने उत्तराची ओटी भरली तेव्हा उत्तराने ओचा पसरला, पण वर पाहिलं नाही. तांदूळ थोडे बाहेर सांडले. फोटोग्राफरने "काकू, स्माइल" म्हटल्यावर विशाखा हसली.

स्वयंपाकघराच्या दारात श्यामलाबाईंनी एकदा सुनेचा हात चाचपून धरायचा प्रयत्न केला. सायोकोने तो झिडकारला नाही. पण आपली बोटंही मिटली नाहीत.

अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या, मग नमस्कार. यश आणि उत्तरा एकेका मोठ्या माणसापुढे वाकत वाकत येत होते. विशाखापुढे उत्तरा वाकली आणि "काकू" एवढंही न म्हणता पुढे सरकली. आजीपुढे वाकली तेव्हा आजीने तिचं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि काहीतरी म्हणायला गेली, पण तिला हुंदका आला.

मग आई.

उत्तराने पायांना हात लावला आणि तशीच थोडी थांबली. आई खांदे धरून उठवेल असं तिला वाटलं. ती स्वतःच उठली. समोर सायोको दोन पावलं मागे सरून सरळ उभी राहिली होती. तिने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि कमरेतून खाली वाकली, खूप खाली, खूप नीट.

"ओमेदेतो गोझाइमास," ती म्हणाली.

यशला वाटलं, किती छान. त्यानेही हसून तसंच वाकून दाखवलं.

उत्तराला मात्र अभिनंदनाचे ते शब्द कळत होते. पहिली बाहुली मिळाली तेव्हापासून प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक निकालाला, पहिल्या पगाराला आईने तिला नुसतं "ओमेदेतो" म्हटलं होतं. पुढचा तो आदराचा शब्द घरात नसायचा. तो दूतावासाच्या पार्टीत असायचा, ऑफिसातल्या साहेबांच्या बायकोसाठी, कुणा ओळखीच्यांच्या मुलीचं लग्न ठरलं की तिच्यासाठी.

"ममा," तिचा आवाज फुटला, "मला नको ना तसं म्हणू."

सायोको हसली. दारी आलेल्या पाहुण्याकडे पाहून हसतात तशी. मग ती वाट देत बाजूला झाली, कारण उत्तराच्या मागे देविका पेढ्याचं ताट घेऊन उभ्या होत्या.